दोनशे शब्दांत प्रांजळपणा

वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. जागा कमी पडली की पान लावणारा माणूस शेवटचा परिच्छेद उडवतो, तरीही मावली नाही तर त्याच्या वरचा. म्हणून महत्त्वाचे ते वर लिहायचे आणि उडाले तरी चालेल ते खाली, ही सवय नोकरीच्या पहिल्या महिन्यातच लागते. रत्नागिरीत एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी एकोणीस वर्षे उपसंपादक होतो. ती आवृत्ती बंद झाली तेव्हा शहरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाला ग्रंथपाल हवा होता आणि तरुणपणी केलेला ग्रंथालयशास्त्राचा छोटा अभ्यासक्रम माझ्या पदरी होता. टेबल बदलले. सवय बरोबर आली.

त्यानंतर चार वर्षांनी पुण्याच्या एका संस्थेने ग्रंथपालांचा व्यावसायिक विकास करायचे मनावर घेतले. आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम, दर बुधवारी दुपारी मोबाइलवर सत्र, आणि जिल्ह्यातल्या सहभागींचा एक ग्रुप. आमच्या ग्रुपात अकरा जण होते. दर शनिवारी प्रत्येकाने ग्रुपवर एक चिंतन-नोंद टाकायची होती. तिला तीन प्रश्न ठरवून दिले होते: काय घडले, मला काय वाटले, पुढच्या वेळी मी काय वेगळे करीन. शब्दमर्यादा दोनशे. शिवाय इतरांपैकी किमान दोघांच्या नोंदींवर अभिप्राय देणे सक्तीचे होते. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर हात जोडलेली चित्रे आणि ‘छान चिंतन’ यांची रांग लागे. काही अभिप्राय नोंद यायच्या आधीच येत.

मार्गदर्शक बाई पुण्याहून बोलत. त्या हुशार होत्या आणि त्यांचा शब्दांवर विश्वास होता. “चूक लिहा,” त्या म्हणत. “चूक लिहिल्याशिवाय वाढ नाही.” पहिल्या आठवड्यात अकरापैकी एकाही वाचनालयात चूक झालेली नव्हती. बाईंनी नाराजी व्यक्त केली. दुसऱ्या आठवड्यात आठ वाचनालयांत धूळ सापडली.

आंजर्ल्याच्या बाईंना रेंज फक्त कड्यावरच्या देवळाच्या पायऱ्यांवर मिळे, त्यामुळे त्या बोलू लागल्या की मागे घंटा वाजायची आणि सगळे काही क्षण आदराने थांबायचे. चिपळूणचे ग्रंथपाल कुठल्याही विषयावरचे चिंतन पुरापासून सुरू करत. त्यांचे निम्मे वाचनालय वाशिष्ठीने नेले होते, त्यामुळे त्यांना कुणी अडवत नसे. तिसऱ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला.

“सर, जरा हात फिरवा ना माझ्या लिहिण्यावर. तुम्ही पेपरातले.”

“पुराचं किती ठेवू?”

“पूर ठेवा हो. पूर खरा आहे. बाकीचं तुम्हाला वाटेल तसं करा.”

मी हात फिरवला. पाचव्या आठवड्यापर्यंत सात जणांची चिंतने माझ्याकडे शुक्रवारी येऊ लागली. मी इंट्रो, म्हणजे पहिले वाक्य, बदलत असे, विशेषणे काढत असे, दोनशेच्या वरचे शब्द खालून कापत असे. सात माणसांचे आत्मपरीक्षण दीड तासात उरकायचे. त्या बुधवारी मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “तुमच्या गटाची शैली एकसंध होत चालली आहे. सहशिक्षणाचं हे लक्षण आहे.” चिपळूणच्या ग्रंथपालांनी कॅमेरा बंद केला. माझी स्वतःची नोंद त्या आठवड्यात वर्तमानपत्रांच्या फायलींवर ऊन पडत होते याबद्दल होती. फायली मी हलवल्या होत्या. पुढच्या वेळी आधीच हलवीन, असे लिहिले होते.

अकरा जणांपैकी दहा जण अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावणार होते. अकराव्या सहभागी एक बाई होत्या, त्यांना ते पोटासाठी हवे होते. बुरोंडीच्या पुढे, किनाऱ्याला लागून असलेल्या एका गावात एक लहान वाचनालय आहे. तिथे त्या अकरा वर्षे साहाय्यक होत्या. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले आणि कार्यकारिणीने त्यांना सांगितले, की काम तर तुम्ही करतच आहात, पण नेमणूक हवी तर एखादे प्रमाणपत्र आणा, नाहीतर दापोलीहून शिकलेला माणूस बघावा लागेल. सत्रात त्यांचे कपाळ आणि वर फिरणारा पंखा एवढेच दिसत असे. बोलायच्या फार कमी. चिंतन त्या शाळेच्या वहीत लिहायच्या आणि पानाचा फोटो पाठवायच्या. पहिले पाच आठवडे त्यांनी कुणाकडूनही हात फिरवून घेतला नव्हता. सहाव्या आठवड्यात त्यांनी मला पान पाठवले. खाली लिहिले होते, ‘लांब झालं आहे. बसवून द्याल का?’

पान हवामानापासून सुरू होत होते. सकाळी वाचनालय उघडले, वारा होता, मासळीची वाहने लवकर गेली, असे पाच-सहा ओळी. मग मुद्दा आला. वाचनालयाचे सभासदत्व फक्त गावात राहणाऱ्याला मिळते. पण गावातली वाचणारी माणसे बहुतेक मुंबईला. ती गणपतीला येतात, आईच्या किंवा सासूच्या कार्डावर पुस्तक घेतात आणि मुंबईला नेतात. ते पुस्तक शिमग्याला परत येते. शिमग्याला नेलेले मे महिन्यात. नियम मात्र पंधरा दिवसांचा. म्हणून दर पंधरा दिवसांनी बाई देवघेव नोंदवहीत ते पुस्तक परत आले असे लिहीत आणि त्याच दिवशी पुन्हा दिले असे लिहीत. जुने ग्रंथपालही असेच करत. ही आपली चूक आहे असे त्यांना त्या बुधवारी, मार्गदर्शक बाईंचे बोलणे ऐकताना, पहिल्यांदा वाटले.

शेवटचा परिच्छेद लांबलचक होता. ज्या घरचे पुस्तक मुंबईत असते त्या घरची बाई दर पंधरा दिवसांनी रिकाम्या हाताने वाचनालयात येते. पुस्तक बरे आहे, म्हणते, आणि गोष्ट कुठवर आली ते सांगते. या बायकांतल्या काहींना वाचता येत नाही आणि काहींना वेळ नाही. मुंबईचा मुलगा किंवा सून फोनवर त्यांना गोष्ट सांगते. गोष्ट पुढे सरकली असेल तर पुस्तक जागेवर आहे असे समजून बाई तारीख टाकतात. नुसती दंडाची चिठ्ठी पाठवली तर ती म्हातारी वाचनालयाची पायरी चढायची बंद होईल.

एकूण शब्द चारशेच्या घरात होते. मी वारा आणि मासळी काढली. पहिले वाक्य असे केले: ‘दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील आमच्या गावात दर पंधरा दिवसांनी वाचनालयात परत येणारी पुस्तके प्रत्यक्षात मुंबईत असतात.’ स्थळ पहिल्या ओळीत हवे, ही आणखी एक सवय. मग नियम, मग नोंदी, मग चूक. दोनशे शब्द झाले तिथे मी थांबलो. खालचा परिच्छेद गेला.

बाईंनी ‘आभारी आहे’ असे कळवून ते शनिवारी टाकले. त्यांनी नीट वाचले होते का, हे मी तेव्हा विचारले नाही.

रविवारी सकाळी मार्गदर्शक बाईंनी ग्रुपवर लिहिले, ‘हे खरे चिंतन!’ आणि ती नोंद आदर्श नमुना म्हणून इतर जिल्ह्यांच्या ग्रुपांवर पाठवली. गोपनीयता पाळावी म्हणून नाव काढले. गाव तसेच राहिले. त्या किनाऱ्यावर वाचनालय असलेली गावे बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि पंधरा दिवसांचा नियम लावणारे त्यांतले एकच. मंगळवारपर्यंत नोंद शेजारच्या जिल्ह्यातल्या कुणा मेहुण्याच्या मोबाइलवरून त्या वाचनालयाच्या कार्यवाहांच्या मोबाइलवर पोहोचली. ऑनलाइन जाळ्याचे फायदे आम्हाला पहिल्याच सत्रात समजावून सांगण्यात आले होते.

बुधवारी सत्राआधी बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच पंख्याशिवाय ऐकत होतो.

“सर, तुम्ही माझं पान छापलंत.”

“छापलं नाही, ताई. तुम्हीच ग्रुपवर टाकलंत. पुण्याच्या बाईंनी पुढं पाठवलं.”

“आमच्याकडं त्यालाच छापणं म्हणतात. रविवारी कार्यकारिणी बोलावलीय. खोट्या नोंदी केल्या म्हणून. सगळी पुस्तकं टेबलावर आणून दाखव म्हणतात. आता शिमग्याला दीड महिना हाय. मी पुस्तकं कुठनं आणू?”

“आणि नेमणूक?”

“आता नेमणूक कुठली! साहाय्यक ठेवतील काय तां बघायचं.”

मी म्हणालो, मी येतो. त्या म्हणाल्या, येऊन काय लिहून देणार आहात?

पत्रकाराने बातमीत स्वतः पडू नये, असे शिकवलेले असते. मी बातमीत होतोच, कारण ती कापणारा मी होतो. रविवारी पहाटेच्या एसटीने दापोलीला आणि तिथून दुसऱ्या गाडीने गावात उतरलो. वाटेत त्यांच्या वहीचे पान मी पुन्हा वाचले, यावेळी शेवटापर्यंत.

वाचनालय म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लांब टेबल, त्याभोवती कार्यकारिणी. अध्यक्ष बागायतदार होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. कार्यवाह निवृत्त शिक्षक, म्हणून गुरुजी. आणखी दोन सभासद होते, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. बाई कपाटाशी उभ्या होत्या. प्रत्यक्षात त्या स्क्रीनवरच्यापेक्षा उंच होत्या. खुर्ची होती, पण त्यांना कुणी बस म्हटले नव्हते.

गुरुजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून नोंद मोठ्याने वाचली. वाचन चांगले होते. माझे पहिले वाक्य त्या खोलीत फार कडक वाटले.

“हे तू लिहिलंस?” अण्णांनी विचारले.

“हो.”

“वाक्यं तुझी वाटत नाहीत गो.”

“वाक्यं माझी आहेत,” मी म्हणालो आणि ओळख करून दिली. मग वहीतल्या पानाचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. म्हाताऱ्या, रिकामे हात, गोष्ट कुठवर आली, सगळे. मला वाटले होते की यावर खोली बदलेल. बागेत कुठेतरी माकडांना हाकलत होते, त्याचा आवाज येत राहिला.

“हे मोबाइलवर का नाही?” गुरुजींनी विचारले.

“मी कापलं.”

“का?”

“दोनशे शब्दांची मर्यादा होती.”

“मग वरचं कापायचंत!” गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षे निबंध तपासलेल्या माणसाचा तो स्वर होता. “पण कापलेलं असो की राहिलेलं, नोंद खोटी ती खोटीच. पुस्तक आलं नाही आणि आलं लिहिलं. म्हातारीनं गोष्ट सांगितली म्हणजे पुस्तक आलं का? उद्या मी येऊन गोष्ट सांगेन.”

“तुम्ही सांगता ती ऐकतोच आम्ही,” अण्णा म्हणाले.

गुरुजींनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांचा ठराव तयार होता: ज्या घरांची पुस्तके बाहेर आहेत त्यांची सभासदत्वे रद्द करावीत, साहाय्यक बाईंना समज द्यावी आणि ग्रंथपालाच्या जागेसाठी दापोलीत विचारणा करावी. “आधी घरं वाच,” ते बाईंना म्हणाले. “कुणाकुणाची आहेत ते सभेसमोर येऊ दे.”

बाईंनी देवघेव नोंदवही उघडली. त्या गावात माणसापेक्षा घर ओळखायची रीत आहे, तशीच त्यांनी वाचली. “वरच्या वाडीतलं कोपऱ्यावरचं घर. मुलगा नालासोपाऱ्याला. मोरीपलीकडलं घर. सून डोंबिवलीत. विहिरीवरचं घर. दोन्ही मुलगे मुंबईस, पुस्तकं दोन. फणसाखालचं घर.” प्रत्येक घराला गुरुजी कागदावर खूण करत होते. अण्णा मान हलवत होते. नवव्या घरानंतर बाई थांबल्या.

“पुढं?”

“झाली.”

“पान उलट. पलीकडं लिहिलेलं दिसतंय मला.”

“तां राहू दे, गुरुजी.”

“राहू दे कसं? सभेपासून लपवायचं? हेच तर चाललंय ना इतकी वर्षं!”

बाईंनी अण्णांकडे बघितले नाही. नोंदवहीकडे बघूनच वाचले. “बागेतलं घर.”

गावात बागेतले घर एकच होते. गुरुजींची पेन्सिल कागदावर आली आणि तिथेच राहिली.

“आमचं?” अण्णा म्हणाले. “आमच्याकडं कोण वाचतंय?”

“वहिनींच्या कार्डावर हाय. तुमच्या ठाण्याच्या सूनबाईंनी नेलंय गणपतीत. कादंबरी. जाडी.”

“हिनं मला सांगितलं नाही कधी. आणि ही इथं येते?”

“दर पंधरा दिवसांनी. गेल्या सोमवारी येऊन गेल्या. गोष्ट मध्याच्या पुढं गेलीय.”

“ही कधी वाचणार? चष्मा घातला की डोकं दुखतं तिचं.”

“वाचत नायत. ऐकतात. दुपारी फोनवर.”

“दुपारी दोघी बोलतात ते मला माहीत आहे,” अण्णा म्हणाले. “मी ओटीवर पडलेला असतो. परवा हिचा आवाज आला, ‘मेला एकदाचा, सुटली बिचारी.’ मला वाटलं…” त्यांनी वाक्य सोडून दिले.

“तो सावकार,” बाई हळूच म्हणाल्या. “तेराव्या प्रकरणात.”

गुरुजी हसले नाहीत, पण मोबाइल खिशात ठेवला. न बोलणाऱ्या दोघांपैकी एक उठून पाणी प्यायला गेला आणि बाहेरून खोकल्यासारखा आवाज आला.

“मग काय करू या, अण्णा?” गुरुजींनी विचारले. “रद्द करायची सभासदत्वं?”

“तुमचं घर नाही का यादीत?”

“नाही.”

“म्हणून एवढे सोवळे.” अण्णा बाईंकडे वळले. “बस गो बाय. किती वेळ उभी आहेस.”

त्या बसल्या. पुढची पंधरा मिनिटे मी आजवर वार्तांकन केलेल्या कुठल्याही सभेइतकीच गंभीर होती. नोंदवहीत ‘परगावी वाचक’ असा नवा रकाना घालावा. सणाला नेलेले पुस्तक पुढच्या सणाला परत यावे. मधल्या काळात घरच्या माणसाने दर पंधरा दिवसांनी येऊन पुस्तकाची खबर द्यावी, म्हणजे आजवर चालत होते तेच करावे, पण ठरावाने. प्रमाणपत्र आल्यावर बाईंच्या नेमणुकीचा विचार करावा. गुरुजींनी इतिवृत्तात लिहिले, ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन’. बागेतले घर त्यात आले नाही. ते मलाही कळते. सगळेच छापायचे नसते. म्हाताऱ्यांचाही उल्लेख आला नाही. ज्या परिच्छेदासाठी मी एवढा प्रवास केला होता तो दुसऱ्यांदा कापला गेला आणि कुणाचे काही अडले नाही.

परतीच्या गाडीपर्यंत बाई सोडायला आल्या. मी म्हणालो, चूक माझी होती.

“हो,” त्या म्हणाल्या. “आठवं चिंतन मी आहे तसं टाकणार. तुम्ही हात लावू नका.”

“नाही लावणार.”

“आणि तुमचं मला पाठवा. मी बघते.”

“माझं?”

“तुमचं एकही वाचून मला काय कळलं नाय, सर. ऊन पडलं आणि फायली हलवल्या. सगळीकडंच ऊन पडतं.”

रत्नागिरीला परत आल्यावर मी सातही जणांना कळवले की यापुढे हात फिरवणार नाही. चिपळूणचे ग्रंथपाल म्हणाले, “आता माझं कसं व्हायचं? पूर संपला माझा.” शेवटच्या विषयावर, म्हणजे ‘या अभ्यासक्रमातून मी काय शिकलो’ यावर, मी एक नोंद लिहिली. तीत मी अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट, जाळ्याचे महत्त्व आणि सहकाऱ्यांचे आभार आधी लिहिले होते आणि शेवटी चार ओळींत, कुणाचा तरी परिच्छेद न वाचता कापल्याचे. ती कबुली मी तळाशी ठेवली होती, हे माझ्या लक्षात आले नाही. बाईंच्या आले. त्यांनी नोंद वहीत उतरवून घेऊन वरच्या तिन्ही परिच्छेदांवर आडव्या रेघा मारल्या आणि फोटो पाठवला. समासात लिहिले होते, ‘हे सगळ्यांना माहीत आहे. खालचं ठेवा.’ मी चार ओळी टाकल्या. दोघांचे अभिप्राय आले, दोन्ही ‘छान चिंतन’.

बाईंचे स्वतःचे चिंतन वाऱ्यापासून सुरू झाले, साडेतीनशे शब्दांचे होते आणि दंडाच्या चिठ्ठीपाशी संपत होते. मार्गदर्शक बाईंनी समारोपात नोंदवले, की शेवटच्या आठवड्यात गटाची शैली थोडी विस्कळीत झाली, तरी सर्वजण उत्तीर्ण आहेत.

प्रमाणपत्रे महिन्याभराने आली. शिमगा उलटल्यावर एका दुपारी बाईंनी ग्रुपवर नाही, मला एकट्याला एका पत्राचा फोटो पाठवला. दोन पाने, गुरुजींचे अक्षर. पहिल्या पानावर वाचनालयाच्या स्थापनेचा इतिहास होता, मग वाचनसंस्कृतीबद्दल चिंता, मग देणगीदारांचे आभार, मग नोंदी काटेकोर ठेवण्याबद्दल सूचना. फोटो मोबाइलवर उघडला तेव्हा तेच पान आधी दिसत होते. मी दुसरे पान काढले आणि अगदी खालच्या ओळीपासून वाचायला घेतले. सहीच्या वर, शेवटच्या वाक्यात, बाई एक तारखेपासून ग्रंथपाल होत्या.